बाटलीतलं मांजर

दोंडाईच्यात स्टेशनामागच्या मैदानात तिसरं मांजर मेलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांजरं मारायला पुढे झालेल्या कौतिकच्या दांडक्याला केस चिकटले होते. ओट्यावर रतिलालबाबा उभा होता, भगव्या कफनीवर डॉक्टरचा पांढरा कोट. तपासणीची पट्टी उंचावून तो गरजला, "दोन रेघा! मांजराचा एड्स! ओरखड्यातून माणसात शिरतो! आमची मंत्रसिद्ध लस घ्या, रेघ गायब. नका घेऊ, घरदार गायब!"

रेघ गायब होताना सगळ्यांनी पाहिली होती. मांजराचं रक्त, त्यात बाबाच्या बाटलीतलं पाणी, दोन रेघा. लस टोचून, दुसऱ्या बाटलीतलं पाणी घालून पुन्हा तपासलं की एकच. दक्षिणा देणाऱ्यांची मांजरं वाचत होती, बाकीची कौतिकच्या हाती जात होती.

"मारी टाका रे बठ्ठ्या मांजरी!" सगळीच मांजरं मारा म्हणून गर्दी ओरडत होती.

वेल्डिंगचं काम करणारा जब्बार या थोतांडाला हसला होता. पण बाबानं विचारलं, "ओरखडा कोणाला आहे?" आणि शेजाऱ्यांनी त्याच्या घराकडे बोट केलं. त्याच्या मुलीच्या, अलफियाच्या मनगटावर तिच्या मांजरानं ओरखडलं होतं. आरडाओरडा गल्लीत शिरताच जब्बारनं जनावरांच्या डॉक्टर भूमिकाताईंना फोन लावला. तेवढ्यात दार फुटलं. मांजर पत्र्यावर पळालं. लोकांनी पोरीला उचललं.

"अब्बा!"

जब्बारच्या कपाळावर दांडकं बसलं. रक्त डोळ्यात उतरलं, तरी त्यानं पोरीचा हात सोडला नाही; मैदानापर्यंत तो फरपटत गेला. बाबा सुई भरत होता. आत्ताच मांजरात खुपसलेली, तीच सुई. जब्बारनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. सुई मातीत पडली. पाठीत लाथा बसू लागल्या.

"थांबा!" गर्दी फोडून भूमिकाताई ओट्यावर चढल्या. "मांजराचा हा विषाणू माणसाला होतच नाही. आणि बाबा, तुमच्याकडे बाटल्या दोन कशाला?"

"एक रोग ओळखणारी, एक मुक्ती देणारी!"

ताईंनी पहिली बाटली हिसकावली, आपल्या पिशवीतली कोरी पट्टी फोडली आणि तिच्यावर फक्त बाटलीतलं पाणी टाकलं. रक्त नाही, मांजर नाही. बाबा शाप देत राहिला. लोक पट्टीकडे बघत राहिले.

हळूहळू दोन रेघा उमटल्या.

"बाटलीमा मांजर शे का?" कोणीतरी विचारलं.

"आजारी मांजराचं रक्त असणार, पातळ करून मिसळलेलं. दुसऱ्या बाटलीत नुसतं पाणी, म्हणून एकच रेघ. ती कोणत्याही चांगल्या पट्टीवर येते." ताईंनी पट्टी सगळ्यांना दिसेल अशी धरली. "या रोगावर परदेशात खरी लस निघाली होती. ती टोचली की अशा पट्टीवर दुसरी रेघ जात नाही, उलट उमटते, कारण पट्टी रोगाशी लढणारी प्रतिपिंडं ओळखते आणि लसीनंही तीच तयार होतात! आणि लस पारखायची तर काही मांजरांना द्यायची, काहींना द्यायची नाही, मग दोन्हीकडे कितींना रोग होतो ते बघायचं. यानं लस न दिलेली ठेवलीच कुठे? मारून टाकली."

लोकांनी दगड उचलले. बाबा ओट्याखाली शिरला. जब्बार पोरीला पोटाशी धरून पुढे झाला. "आता याला मारनार? त्याच हातांनी? पोलिसांना बोलवा."

कौतिकचं दांडकं गळून पडलं. "ताई, मी मारलेली मांजरं... निरोगी होती?"

"खरी तपासणी झालीच नाही. आता कसं कळणार?"

ताई जब्बारच्या कपाळावर रुमाल दाबत म्हणाल्या, "कोणी काहीही दाखवो, आधी एवढंच विचारा: मांजर नसतं, तरी ही रेघ आली असती का? हे न विचारता दांडकं उचलू नका."