जेटीचं काय ठरलं?

कावळा काही येईना.

पिंड मांडून झाले होते, वर दही-भात ठेवला होता, देवीदासला आवडायचे म्हणून मुंगवडेही ठेवले होते. नारायण महाराजांनी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. माणसं सरली आणि दोन मिनिटांत पुन्हा पुढं आली, कारण लांबून नीट दिसत नाही. महाराज पुन्हा ओरडले, माणसं पुन्हा सरली. असं चाललं होतं. तलावाच्या काठी एवढी मोठमोठी झाडं, पण कावळा म्हणून औषधाला नव्हता.

देवीदासच्या थोरल्या पोराला, शेखरला, एका जागी उभं राहवेना. ओला पंचा, नुकतंच भादरलेलं डोकं, वर चटचट लागणारं ऊन. तो काठापर्यंत जाई, परत येई, झाडांकडं पाही, पुन्हा काठापर्यंत जाई. अकोटच्या कॉलेजात तो पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो. कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची त्यानं जन्मभर टिंगल केलेली. आणि आज हाच माणूस मनातल्या मनात हात जोडून म्हणत होता, ये रे बाबा, एकदाच ये, शिव आणि जा. बाप आपल्यावर रागावून गेला नाही, एवढंच त्याला कुणाकडून तरी कळायला हवं होतं. माणसांपैकी कुणी ते सांगू शकण्यासारखं नव्हतं, म्हणून कावळा.

रागावण्यासारखं झालंच होतं ना पण! ते असं झालं.

अमरावतीबाहेरच्या या तलावाच्या काठाला देवीदासचा फुलांचा मळा होता. शेवंती, गुलाब, निशिगंध. धाकट्या रोहितच्या डोक्यातून निघालं, की फुलं विकण्यापेक्षा फुलं पाहायला येणाऱ्यांना तिकीट लावावं. मग झोपाळे आले, गोल फिरणारे घोडे आले, छोटी आगगाडी आली, आणि मळ्याचा ‘फुलोरा पार्क’ झाला. तो बरा चालायला लागला तेव्हा रोहितनं मोबाइलवर कुठलीशी जेटी पाहिली. काठापासून थेट पाण्यात आत गेलेली लाकडी वाट, दोन्ही बाजूंना दिवे, टोकाला उभं राहून फोटो काढणारी नवरा-नवरी. झालं! त्या दिवसापासून या घरात दुसरा विषय नाही.

रोहित म्हणे, जेटी झाली की नागपूरचे लोक इथं येतील. शेखर म्हणे, आणि त्यातलं एखादं पोरगं पाण्यात पडलं की आपण सगळे तुरुंगात जाऊ. रोहित म्हणे, कठडे लावू. शेखर म्हणे, तलाव काय तुझ्या सासऱ्याचा आहे? उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, तुझी जेटी चिखलात उभी राहील, लोक काय गाळासोबत फोटो काढतील? दर रविवारी शेखर अकोटहून सकाळची एसटी पकडून यायचा तो निव्वळ भांडायला. बायको मंजुषा म्हणायची, “फोनवर भांडा ना, तिकिटाचे पैसे तरी वाचतील.” पण फोनवर भांडणात काय मजा! देवीदास मधोमध खाटेवर बसायचा, दोघांचं ऐकायचा, मुंगवडे पुढं सरकवायचा. हो म्हणायचा नाही की नाही म्हणायचा नाही. तीन वर्षं.

आणि मागच्या महिन्यात शेखरचं डोकं फिरलं. तो उठला आणि म्हणाला, “जेटी होनार नाई म्हंजे नाई. ठरलं. आता या विषयासाठी मी येनार नाई.” पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्यानंतर फोन आला तो बाप गेल्याचाच. सकाळी घोड्यांवरची धूळ झटकता झटकता खाली बसला, तो उठलाच नाही.

“काहीतरी राह्यलं हाय त्याचं मनात,” माणिकबाई म्हणाली. ही देवीदासची थोरली बहीण. भावाच्या दहाव्याला तेल्हाऱ्याहून आलेली आणि आल्यापासून सगळ्यांवर सत्ता गाजवणारी. “बोला ना रे कोणी. मुक्यासारखे काय उभे राह्यले?”

काय राहिलं असेल हे सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना शेखरकडं वळल्या. रोहित तर टक लावून पाहत होता.

“दादा, तूच बोल,” तो म्हणाला. “तूच अडवून ठेवली.”

शेखर पुढं झाला.  हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “बाबा, जेटी बांधतो. रोहित म्हनते तशी बांधतो. माहा विरोध नाई.”

पानसुद्धा हललं नाही. महाराजांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं.

“मंग त्याले नसंल पाह्यजे,” माणिकबाईनं निकाल फिरवला. “रोहित, तू बोल.”

रोहितचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जेटीच्या नकाशावर त्यानं रात्र रात्र काढलेली. तरी बापडा बोलला, “बाबा, नाई बांधत जेटी. सोडला तो नाद.”

तरी नाही. कुणी म्हणालं, नातवाचं लग्न पाहायचं राहिलं. कुणी म्हणालं, काशीला जायचं होतं. शेखर आणि रोहितनं त्याचीही वचनं देऊन टाकली. ज्या नातवाच्या लग्नाचं वचन दिलं तो तिसरीत होता. मग मागून पार्कचा तिकीटवाला सागर चाचरत म्हणाला, “भाऊ, पार्क बंद हाय ना इतके दिवस. पॉपकॉर्न नाई, भेळ नाई, म्हनून कावळे ढाब्याकडं गेले सारे.”

एक-दोघं खुदकन हसले. बोलणं शंभर टक्के पटण्यासारखं होतं, आणि एरवी शेखरनंच पोराची पाठ थोपटली असती. पण आज त्याच्या जिवाला त्यानं काडीचा दिलासा मिळेना. ढाब्यावर असोत नाहीतर आणखी कुठं, बापाचा पिंड तसाच पडून होता.

“दर्भाचा कावळा करून शिववतो,” महाराज म्हणाले. “शास्त्रात सोय आहे.”

“दर्भाचा नाई!” शेखर एवढ्यांदा ओरडला की महाराजच दचकले. “खराच येईल. थांबू आपन.”

“थांबून काय होते?” रोहित आता चिडला. “आधी थांबला असता तर! बाबा मले म्हनत होते, शेखर हो म्हनला का दुसऱ्या दिवशी खांब गाडू. तुह्याच एका शब्दासाठी थांबले ते.”

शेखर गर्रकन वळला. “काय? अबे, मले तर म्हनत होते, रोहित्या ऐकत नाई, तूच समजाव त्याले, पान्यात पैसा नको घालू म्हनाव!”

“खोटं बोलू नको दादा, बाबाच्या पिंडापाशी.”

“मी खोटं बोलतो? मी? तुले नकाशे कोन काढाले लावले? तूच बाबाच्या डोक्यात भरलं!”

“लोखंडाचे खांब कुठं भेटतात ते बाबानंच विचारून आनलं, जा, विचार मायले!”

“अन् मले फोन करून बाबानंच सांगितलं, का तलावाची परवानगीच भेटत नाई! म्हने, येऊन सांग त्याले समोरासमोर!”

लागली की जुंपायला! दोघं टकले, दोघं ओल्या पंच्यातले, हात नाचवत, कठडे, खांब, गाळ, परवानगी, नागपूरचे लोक, सगळं पुन्हा पहिल्यापासून. माणिकबाई कपाळाला हात लावून बसली. महाराज “अहो, अहो” करत मध्ये पडले, तर त्यांनाच दोन्हीकडून जेटीचे फायदे-तोटे ऐकावे लागले. जमलेली माणसं पिंडाकडं पाहायचं सोडून यांच्याकडं पाहत राहिली.

“शिवला,” मनकर्णाबाई म्हणाली.

ही देवीदासची बायको, सकाळपासून चटईवर बसली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. सगळे वळले. दही-भात विस्कटला होता, आणि एक कावळा मुंगवडा चोचीत धरून तलावावरून पलीकडं चालला होता.

“कवा? कवा शिवला?” माणिकबाई उठलीच. “कोन बोलत होतं तवा?”

“मी परवानगीचं बोलत होतो,” शेखर घाईघाईनं म्हणाला.

“नाई, मी खांबाचं बोलत होतो!”

“माय, तू पाह्यलं ना? तूच सांग,” शेखर तिच्यापुढं बसला.  “बाबाले काय पाह्यजे होतं? बांधू का नको?”

मनकर्णाबाईनं दोन्ही पोरांकडं पाहिलं. सुजलेले डोळे, पण त्यात थोडं हसूही होतं.

“त्यायले जेटीचं काय पडलं होतं रे पोट्टेहो! पान्यात पाय घालाले भेत होते ते. तुमी भांडून गेले का मले म्हनत, मनकर्णा, अजून ठरलं नाई बरं का, येत्या रविवारी येतेच शेखर. ठरू नाई म्हनून याले एक सांगत, त्याले एक सांगत.” ती थांबली. पदर डोळ्यांना लावला. “तू ठरलं म्हनून गेला ना, त्या रविवारी मुंगवडे कराले लावले मले. आल्याशिवाय राहत नाई म्हने. दुसऱ्या रविवारीबी लावले.”

 शेखर चटईच्या काठाशी तसाच उकिडवा बसून होता. त्याला मायच्या तोंडाकडं पाहवेना आणि पिंडाकडंही पाहवेना. बाप रागावला नव्हता. रागावला असता तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं. तो नुसता वाट पाहत बसला होता.

रोहितनं त्याच्या उघड्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा,” तो म्हणाला, “येत्या रविवारी बसून बोलू का मंग जेटीचं?”

“बोलू ना,” शेखर म्हणाला. “पन होनार नाई, आताच सांगून ठेवतो.” आणि पंच्याचं टोक तोंडात कोंबून तो लहान पोरासारखा रडायला लागला.