शुक्रवारचे दोन तास

मस्कतच्या बंदराजवळच्या जुन्या हॉस्पिटलची आपल्या लोकांत जी बदनामी आहे, ती मी केली. एकट्याने, एका वाक्यात.

ओमानी म्हाताऱ्यांना विचारा, ते त्या हॉस्पिटलच्या नावाने दुवा देतात. दोन खोल्या होत्या तेव्हाचे किस्से सांगतात. रुस्ताकहून तापाने फणफणलेली माणसं गाढवावर बसून यायची, सूरहून होडीतून अडलेल्या बाळंतिणी यायच्या, डॉक्टर कंदिलाच्या उजेडात टाके घालायचा. निम्मं जुनं शहर तिथेच जन्मलं. आणि आमचा रत्नागिरी-रायगडचा माणूस? त्या हॉस्पिटलचं नाव काढलं की बोटं मोडतो. "तिथे दोन तास कुणी बघत नाही. जहूरचं काय झालं, ठाऊक नाही?" गुहागरचा एक जण मोडका पाय घेऊन त्याच फाटकासमोरून चाळीस किलोमीटर पुढे गेला होता.

मी तानाजी, एसी मेकॅनिक. त्या हॉस्पिटलचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे. दर तीन महिन्यांनी मी तिथल्या जाळ्या धुतो. सिस्टर चहा देतात. एकोणीस वर्षं मी तो चहा निर्लज्जासारखा पितोय.

जहूर आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, दापोलीकडचा, माझ्याच खोलीत राहायचा. शुक्रवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी आम्ही मेकॅनिक गुपचूप बाहेरची कामं करायचो. अर्बाबला, म्हणजे मालकाला, कळलं असतं तर व्हिसा खलास. जहूर मला कंपनीच्या व्हॅनची चावी द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचा. त्या शुक्रवारी पावणेदोनला त्याचा फोन आला.

"तानाजी, छातीत भरून आलंय रे. पित्त असंल, पन गाडी घेऊन ये."

मी एका व्हिलाच्या गच्चीवर होतो. पाइप जोडून झाला होता, गॅस भरायचा होता. "वीस मिनिटांत येतो," म्हणालो. आमची खोली गावाबाहेर, शुक्रवारी नमाजानंतर तिकडे टॅक्सी फिरकत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी काम पुरं केलं. खोली गार होते का ते बघेपर्यंत थांब, असं घरमालकीण म्हणाली, तर तेवढंही थांबलो. पित्तच असेल, असं मनाला सांगत राहिलो, कारण तसं सांगणं सोयीचं होतं.

जहूरला घेऊन त्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. तिथे आम्हाला कुणी एक मिनिटही बसवून ठेवलं नाही. एक सुदानी डॉक्टर धावत आला. पाऊण तास तो जहूरची छाती दाबत होता, घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. मग तो थांबला आणि त्याने मला विचारलं, दुखायला कधी लागलं? "आत्ताच," मी म्हणालो. तो मला सॉरी म्हणाला.

जहूरच्या बायकोला, कुबराभाभीला, दापोलीला फोन मीच केला. ती आधी रडली. मग म्हणाली, "दोन वाजता मला फोन केलता त्यांनी. तानाजी गाडी घेऊन येतोय, बोलले. मग चारपर्यंत काय झालं?"

"हॉस्पिटलवाल्यांनी बसवून ठेवलं, भाभी."

संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ते वाक्य तिने माहेरी सांगितलं, माहेरच्यांनी मशिदीत, आणि महिनाभरात ते फिरून मस्कतला माझ्याच कानावर आलं. मी मान डोलावली.

जहूरचा मुलगा नबील तेव्हा सहा वर्षांचा होता. तो मोठा झाला तसं मीच त्याला इथे नोकरी लावून दिली. आता तो बायकोला, माहनूरला घेऊन जुन्या शहरात राहतो, हॉस्पिटलपासून पाच मिनिटांवर. दर शुक्रवारी मला जेवायला बोलावतो. मला इथे दुसरं घर नाही. तानाजी मित्राच्या पोराला किती जपतो, असं लोक म्हणतात.

गेल्या महिन्यात असंच शुक्रवारी ताटं वाढली होती. माहनूरला आठवा महिना. ती स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नबील, रक्त जातंय." आम्ही तिला गाडीत घातलं. मी मागे, तिच्याजवळ बसलो. नबीलने गाडी हायवेच्या दिशेला काढली. माबेलाच्या पुढे एका प्रायव्हेट हॉस्पिटलात तिचं नाव घातलं होतं. चाळीस मिनिटांचा रस्ता.

जुन्या हॉस्पिटलचं फाटक दिसायला लागलं. तेव्हा मला काय वाटलं ते लपवत नाही. गप्प बसावं असंच वाटलं. गप्प बसलो असतो तर शुक्रवारचं ताट माझंच राहिलं असतं. पण माहनूरने माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि तिचा हात गार पडत चालला होता.

"नबील, आत घे."

"इथे? काका, तुम्ही सांगताय? अब्बांना ह्यांनीच तर दोन तास..."

"ह्यांनी नाही. मी. फोन आला तेव्हा मी बाहेरच्या कामावर होतो. दोन तासांनी मीच आलो. इथे कुणी बसवलं नव्हतं."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्याने गाडी आत घेतली.

पाच मिनिटांत माहनूर ऑपरेशन थिएटरमध्ये होती. वार आतच सुटली होती, डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या. मुलगी झाली. नबील माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसला होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. "फोनवर अम्मी हाय. मी काय बोललो नाय. तुम्हीच सांगा."

सांगितलं, घरमालकिणीसकट सगळं. कुबराभाभी म्हणाली, "तानाजीभाऊ, पाच वक्ताच्या नमाजात मी तुमच्यासाठी दुवा मागितली. माझ्या माणसाला घेऊन धावलात म्हणून. आणि त्या हॉस्पिटलला बद्दुवा दिली. आता काय काय परत घेऊ मी?"

नबीलने फोन घेतला. "ज्यांना ज्यांना ते खोटं पोचलं, त्यांना सगळ्यांना सांगा, काका. ते विश्वास ठेवतील तेव्हाच घरी या."

त्याच दिवशी मी आमच्या कोकणवाल्यांच्या ग्रुपवर सगळं बोलून टाकलं. पहिलं उत्तर मोडक्या पायाच्या गुहागरकराचं आलं. "हॉस्पिटलचं एसीचं कंत्राट तुमच्याच कंपनीकडे ना? मग असंच बोलणार." खाली चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

आज चौथा शुक्रवार. दुपारपासून मी एकेकाला फोन लावतोय. लोक शेवटपर्यंत ऐकून घेतात, आणि मग मलाच समजावतात. तानाजी, तू पहिल्यापासून हळवा, म्हणतात. मित्र गेला म्हणून स्वतःला दोष लावून घेतोस.