सरळ चासीचा दाखला

“सदर मोटारीची चासी सर्व बाजूंनी मोजण्यात आली असून ती सरळ, अभंग व मूळ स्थितीत आढळली. डावीकडे ओढ घेण्याची तक्रार यांत्रिक स्वरूपाची नसून चालिकेच्या वयोमानपरत्वे शिथिल झालेल्या हातांमुळे उद्भवते.”

खाली जुन्या मोटारींच्या मंडळाचा गोल शिक्का आणि मंडळाच्या तपासनिसाची सही. हा तपासनीस म्हणजे चालिकेचा सख्खा धाकटा भाऊ; वय चौसष्ट, घरातले नाव छोटू.

त्या चालिकेने, ताईंनी, हा दाखला चौथ्यांदा वाचला तो रागाने नव्हे, सवयीने. छत्तीस वर्षे त्यांनी दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या नकला मुळाशी ताडून पाहिल्या होत्या, आणि लबाडी बहुधा चुकांत नसून नीटनेटकेपणात लपते हे त्यांना तिथे कळले होते. चासीचे, गाडीच्या त्या लोखंडी सांगाड्याचे, दोन्ही कर्ण, म्हणजे डाव्या पुढच्या टोकापासून उजव्या मागच्यापर्यंतचे अंतर आणि त्याच्या उलटे, दाखल्यात आकड्यांसह नोंदलेले होते : दोन हजार सहाशे चौदा मिलिमीटर, आणि दोन हजार सहाशे चौदा मिलिमीटर. हातांच्या शैथिल्याला मात्र कोणी मोजपट्टी लावल्याची नोंद नव्हती. लोखंडाला पुरावा लागतो; एकाहत्तर वर्षांच्या बाईला लागत नाही. ही विद्वत्ता नवी नव्हे, पण तिच्यावर गोल शिक्का ताईंनी प्रथमच पाहिला.

या कागदाच्या बळावर लेकीने निकालही देऊन टाकला होता. शनिवारी आईने किल्ली द्यायची आणि गाडी मामाच्या मंडळाच्या शेडमध्ये जायची. “आई, आता तर लेखी आलंय ना! मामा काय तुझा वैरी आहे?” अडतीस वर्षे स्वतः चालवलेली गाडी शेडमध्ये दोरीच्या आत उभी राहणार आणि तिच्या मालकिणीने ती रविवारी जाऊन पाहून यायची. ताईंनी वाद घातला नाही. शुक्रवारी सकाळी त्यांनी गाडी काढली, नेहमीप्रमाणे स्टिअरिंग उजवीकडे रेटून धरले आणि थेट मिस्त्रींचे वर्कशॉप गाठले.

या मिस्त्रींना सगळे ‘ओळंबे’ म्हणत, कारण दोरीला टांगलेल्या त्या पितळी वजनाखेरीज त्यांचा कशावर विश्वास नव्हता.

“काय म्हणते गाडी?”

“गाडी डावीकडे जाते. कागद म्हणतो, मीच जाते.”

“मग दोघींनाही जॅकवर घेऊ,” ओळंबे म्हणाले आणि स्टूल पुसून त्यांना दिले.

वर्कशॉपात उंच खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होते. फरशी सपाट, झाडलेली. भिंतीवर नट आवळायचे पाने आकारमानानुसार टांगलेले, एखाद्या शिस्तीच्या ग्रंथालयातल्यासारखे. ताईंना त्या स्टुलावर फार बरे वाटले. येथे कोणी त्यांचे वय विचारत नव्हते. गाडीचे विचारत होते, तेही आदराने.

ओळंब्यांनी गाडी चार घोड्यांवर, लोखंडी तिवयांवर, चढवली. चासीच्या चार टोकांना कारखान्यातच पाडलेली मापाची भोके असतात. त्या प्रत्येकातून त्यांनी ओळंबा सोडला, वजन स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबले आणि जमिनीवर खडूने फुली केली. मग पट्टीचे एक टोक ताईंच्या हाती दिले.

“धरा घट्ट. शिथिल हात चालायचे नाहीत इथे.”

“तुम्ही वाचलात वाटतं तो दाखला?”

“गावभर झालाय, बाई. तुमच्या भावाने मंडळाच्या फलकावर लावलाय.”

पट्टी ताणली गेली. एक कर्ण : दोन हजार सहाशे चौदा. दुसरा : दोन हजार सहाशे चौदा.

ओळंब्यांचा चेहरा पडला. “कागद बरोबर आहे. सरळ आहे चासी. काय बोलू आता?”

ताई मात्र स्टुलावरून उठल्या आणि फुल्यांकडे वाकून पाहू लागल्या. “मिस्त्री, इतक्या जुन्या चासी तुम्ही मोजल्यात. मिलिमीटरही इकडेतिकडे नाही अशी एखादी पाहिलीत?”

“छे हो. नव्या कोऱ्या गाडीतही दोन-तीनचा फरक असतो. हिने तर तुमच्या आधीची धरून पन्नास वर्षं खड्डे खाल्लेत.”

“ज्या नकलेत एकही चूक नसायची ना, ती आम्ही आधी बाजूला काढायचो. बहुतेक वेळा मागाहून बनवलेली निघायची.”

ओळंब्यांनी आधी ताईंकडे आणि मग गाडीकडे पाहिले. मग त्यांनी भोके सोडून दिली आणि पुढचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, चासीला जिथे बोल्टने धरलेले असतात तिथून ओळंबा सोडला. या वेळी दोन कर्णांत जवळजवळ चौदा मिलिमीटरांचा फरक आला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर घेतले; उजवीकडे पूर्ण, डावीकडे चौदा मिलिमीटर कमी. डावे पुढचे चाक तेवढे मागे बसले होते. अशी गाडी त्याच बाजूला ओढणार, यात वयोमानाला काही भूमिका नव्हती.

“पण मग भोकं कशी जुळली?”

“भोकालाच विचारू या,” म्हणत ओळंबे गाडीखाली सरकले. तारेच्या ब्रशने काळा रंग खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग त्यांनी जोरात शीळ घातली. “या, या खाली! साडी खराब होईल, पण या.”

ताई पोत्यावर आडव्या झाल्या. डाव्या भोकाच्या मागे रंगाखालून वेल्डिंगची एक बटणाएवढी चकती निघाली होती. जुने, खरे भोक बुजवले होते आणि बरोबर चौदा मिलिमीटर पुढे नवे पाडले होते. बाकीच्या तीन भोकांच्या कडा ठोकून पाडल्यासारख्या गोलसर होत्या. याची कड ड्रिलची, धारदार.

“बाई, गॅरेजवाला हा उद्योग करत नाही,” ओळंबे म्हणाले. “गॅरेजवाला चासी ओढून सरळ करेल, नाहीतर तशीच सोडून देईल. वाकडी चासी तशीच ठेवून फक्त माप सरळ करायचं, हे डोकं फॉर्म भरणाऱ्याचं.”

पोत्यावर पडल्या पडल्या ताई हसायला लागल्या. आठ वर्षे उजवा खांदा ठणकत होता. तो दुखणेकरी नसून कामकरी होता हे त्याला आजच कळले असावे.

त्यांनी तेथूनच भावाला फोन लावला. “छोटू, ओळंब्यांकडे ये जरा. तुझे आकडे मिलिमीटरपर्यंत तंतोतंत निघाले.”

तो वीस मिनिटांत आला, इस्त्रीच्या शर्टात, दाखल्याची दुसरी प्रत घेऊन. “मी म्हणत होतो ना, ताई! माप म्हणजे माप.” मग त्याची नजर जमिनीवरच्या फुल्यांवर गेली. चारच्या जागी त्या सहा होत्या. ओळंब्यांनी अदबीने बॅटरी पुढे केली. “बघता का साहेब खाली? आमच्याकडे तपासनीस फारसे खाली जात नाहीत, म्हणून विचारलं.”

तो खाली गेला नाही. रुमालाने मान पुसत म्हणाला, “किती दिवस लागतील सरळ करायला?”

“दहा. लोखंड लवकर ऐकतं.”

“ताई, हे आपल्या आपल्यात—”

“कर्ण तू फलकावर लावलास, छोटू. आपल्या आपल्यात तर तू मला काहीच सांगितलं नाहीस.” ताईंनी लेकीचा नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला आणि आवाज सर्वांना ऐकू येईल असा केला. “मी काही सांगणार नाही. मला शाबीत करायची हौस नाही, मला किल्ली हवीय. तू सांग.”

लेकीने विचारले, “काय झालं मामा? आईने ठोकली का कुठे?”

छोटूने खाली पाहिले, ओळंब्यांकडे पाहिले आणि शेवटी बहिणीकडे. ती कपडे झटकत स्टुलावर बसली होती, आणि ओळंब्यांनी दिलेला चहा तिला मनापासून आवडलेला दिसत होता. पुढे तो जे बोलला, ते शब्दशः असे :

“आईने नाही गं, मी. आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या सहलीला मागून नेली होती, तेव्हा पुलाच्या कठड्याला धडकवली. चासी मागे सरली. सांगायचा धीर झाला नाही. मग मंडळाचा फॉर्म भरताना कर्ण जुळेनात. आणि फॉर्म मीच बनवलेला, त्यात आकडे जुळले नाहीत की मला जेवण जात नाही. म्हणून ते भोक मीच बुजवलं आणि पुढे पाडलं. हातांचं ते वाक्यही मीच रचलं. किल्ली तिच्याकडेच राहू दे. वाकडी गाडी ती आठ वर्षं सरळ चालवतेय. मला परत आणताना ती दोन किलोमीटरसुद्धा सरळ चालवता आली नव्हती.”