एक वीसची झोप

वॉचमन म्हणजे काय, हे जगात सगळ्यांना माहीत असतं. खायचं, खुर्ची उबवायची, आल्यागेल्याला सलाम ठोकायचा आणि महिनाअखेरीला पगार घ्यायचा. कुठेच चालला नाही, म्हणून दारात बसवला. कमाल परकारचं मतही काही वेगळं नव्हतं. बहरीनच्या बाजारपेठेत, बाब अल बहरीनच्या गल्लीत, कापडाच्या दुकानात बावीस वर्षं तो विक्रीला होता. समोरच्या बँकेच्या दारातला गार्ड दिसला की गिऱ्हाइकाला हमखास म्हणायचा, "बघा, झोपायचा पगार! आपल्या नशिबात कुठला!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण बोललेलं वाया जात नाही हो, ते फिरून आपल्याच दारात येतं. दुकान बंद पडलं. मालकाचे मुलगे म्हणाले, खलास. आणि एक्कावन्नाव्या वर्षी, व्हिसा हातचा जायच्या आत, कमाल निळा शर्ट घालून मीना सलमान बंदराजवळच्या एका नऊ मजली इमारतीच्या लॉबीत उभा राहिला.

घरी बाणकोटला त्यानं सांगितलं, "सिक्युरिटीत लागलो." ऐकणाऱ्याला वाटावं, पोलिसात भरती झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

पहिल्या दिवशी सुपरवायझर संदेश त्याला जागा दाखवायला आला. संदेश कुडाळचा, कमालपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण सुपरवायझर. लॉबीत काचेच्या दाराजवळ एक टेबल, एक काळी खुर्ची, कॅमेऱ्यांचा एक स्क्रीन. आणि खुर्चीसमोरच्या भिंतीवर एक मोठा छापील फोटो. त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत, तोच निळा शर्ट घातलेला एक माणूस मान मागे टाकून बसला होता. डोळ्यांवर छापताना काळी पट्टी मारली होती. खाली इंग्रजीत आणि हिंदीत लिहिलं होतं, ड्युटीवर झोपू नका.

"हा कोण?" कमालनं विचारलं.

"वकार. तुमच्या आधी इथेच होता. मागच्या जुलैत गेला."

"गावाला?"

"वर," संदेश म्हणाला. "इथलीच एक बाई, तिनं फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. दुपारी दीडला कंप्लेंट, दोनला वॉर्निंग लेटर. चारला सफाईवाला फरशी पुसायला आला तर माणूस गार. लेटरचा धसका घेतला म्हणतात."

"लेटर त्याच्या हातात कुणी दिलं?"

"ईमेलवर गेलं."

कमालनं एकदा खुर्चीकडे पाहिलं. "आणि मेलेल्या माणसाचा फोटो तुम्ही भिंतीला लावला?"

"पट्टी आहे ना डोळ्यांवर. ओळखतोय कोण? आपल्या सगळ्या साइटवर लावलाय." संदेशनं घड्याळ पाहिलं. "आणि एक, काका. लॉबीचा एसी बारा ते चार बंद असतो. ऊन काचेतून सरळ खुर्चीवर येतं. जागे राहा म्हणजे झालं."

आता बहरीनमधली कोकणी माणसं काय थोडी आहेत? पण बातमी कशी पसरते ते विचारू नका. चौथ्या दिवशी कमालला म्हसळ्याहून फोन आला. वकारची बायको खदिजा.

"भाईजान, तुम्ही त्यांच्याच खुर्चीवर बसलाय म्हणे," ती म्हणाली. "मला काही नको. एवढंच खरं काढून सांगा, ते झोपले होते का? इथे गावभर झालंय, वकार ड्युटीवर झोपला, नोकरी घालवली आणि लाजेनं मेला. माझ्या निदाला सासू जेवताना बोलते, 'झोपाळूची पोर.' अहो, ते घरी सुट्टीवर आले तरी दुपारी डोळा लावत नव्हते. वीस वर्षांत एकदा नाही."

"चौकशी करतो, भाभी," कमाल म्हणाला. म्हणाला खरा, पण मनात त्याच्या तेच होतं, जे सगळ्यांच्या मनात असतं. वॉचमन होता ना? झोपला असेल!

त्याच दुपारी त्याला पहिल्यांदा ते झालं.

बाहेर ऊन असं पेटलेलं, की रस्त्यावर मांजरसुद्धा नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला सरकारची बंदी, त्यामुळे पलीकडच्या बांधकामावरचा खडखडाटही थांबलेला. काचेतून ऊन टेबलावर चढलं, मग त्याच्या छातीवर. स्क्रीनवर एक वीस झाले होते. आणि कमालच्या पायांतून काहीतरी निघून गेलं. दुकानात बावीस वर्षं दुपारी उभा राहिलेला माणूस हा, याला दुपारची झोप कशी ती ठाऊक नाही. ही झोप नव्हतीच. डोळे उघडे, कान उघडे, समोर तो फोटो स्वच्छ दिसतोय, पण हात म्हणून हलेना. मान हळूहळू मागे गेली, कुणी तरी अलगद धरून मागे नेल्यासारखी. एक माशी आली. गालावर बसली, चालत चालत वर गेली आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात थांबली. तिचे पाय त्याला कळत होते. तिला उडवायला त्यानं सगळा जीव एक केला, पण बोटसुद्धा उचललं गेलं नाही.

मग लॉबीत टाचांचा आवाज आला. थांबला. एक बाई हसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बघ ना, म्हशीसारखा पसरलाय. ह्यांच्या भरवशावर आपण दारं उघडी टाकायची!" मग फोनच्या कॅमेऱ्याचा खट्ट आवाज.

एक सत्तावीसला त्याचे हात परत त्याचे झाले. तो धडपडत उठला. लॉबीत कुणीच नव्हतं. त्यानं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागे घेतलं. एक वीस ते एक सत्तावीस, खुर्चीत तो एकटा, मान मागे. एक चोवीसला काचेचं दार आपोआप सरकलं, आत कुणी आलं नाही, आणि दार मिटलं. कमालनं तीन वेळा पाहिलं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून नकळत कलमा निघाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तीच वेळ, तीच माशी, तीच वाक्यं, अक्षरही इकडचं तिकडे नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, बसायचंच नाही. बारापासून भिंतीला पाठ लावून उभा राहिला. एक वीसला शुद्ध आली, तेव्हा तो खुर्चीत होता. तिथे कधी आला, कसा बसला, काही आठवेना. भीती काय असते, ते त्या दिवशी त्याला कळलं. समोर भिंतीवरचा पट्टीवाला वकार त्याच्याच अंगात शिरून, त्याच्याच खुर्चीत बसल्यासारखा वाटत होता.

टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ड्युटीचा एक फोन असे. गार्ड बदलले तरी फोन तोच. इमारतीच्या ग्रुपवर येणाऱ्या तक्रारी त्यावर वाचायच्या. कमालनं तो काढला आणि बोटानं मागे मागे जात राहिला. लिफ्ट, पार्किंग, पाणी, कुणाचं तरी हरवलेलं पार्सल. एक वर्ष मागे गेला आणि मागच्या जुलैत थांबला. फोटो होता. मूळचा, बिनपट्टीचा. पाठवणारी उल्का, ७०२. वेळ एक चोवीस. खाली तिनं लिहिलं होतं, "Our security!" आणि त्याच्याखाली एकवीस जणांनी हसून घेतलं होतं.

कमालनं दोन बोटांनी फोटो मोठा केला.

वकारचे डोळे मिटलेले नव्हते. अर्धे उघडे होते, आणि नजर सरळ कॅमेऱ्याकडे होती. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी होती.

अहो, झोपेत म्हैससुद्धा कान हलवते. डोळ्यात बसलेली माशी जो उडवत नाही, तो झोपलेला कसा असेल? एकवीस माणसं हसली, एकानंही फोटो मोठा करून बघितला नाही. का बघावा? झोपलेला वॉचमन सगळ्यांनी आधीच पाहिलेला असतो.

त्यानं संदेशला फोन करून माशीचं सांगितलं. संदेश खालच्या आवाजात म्हणाला, "काका, मला ते तेव्हाच दिसलं होतं. पट्टी कशासाठी मारली वाटतं तुम्हाला? आता गप बसा. तुमचा व्हिसा अजून तीन महिन्यांचा नाही झाला. उद्या घरी बसवतील."

खरंच होतं ते. कमालनं फोन ड्रॉवरमध्ये टाकला. रात्रभर लेबर कॅम्पच्या खाटेवर त्याला एकच गोष्ट टोचत होती. त्या सात मिनिटांत त्याला सगळं ऐकू येत होतं. म्हणजे वकारलाही आलं असणार. त्या बाईला वाटलं असेल, दारातला माणूस म्हणजे हिंदी नाहीतर उर्दूवाला, ह्याच्यासमोर मराठीत काहीही बोला. आणि तो म्हसळ्याचा माणूस तिथे पडून आपल्या भाषेतलं शब्दन् शब्द समजत होता, "बाई, हात लावा एकदा" म्हणायला जीभ हलत नव्हती. कमालला बँकेच्या दारातला तो गार्ड आठवला. त्याचं नाव काय होतं? बावीस वर्षांत विचारलं नव्हतं.

सकाळी त्यानं खदिजाला निरोप टाकला, "भाभी, आज दुपारी इथल्या दीडला, तुमच्या चारला फोन करा." व्हिसाचं जे व्हायचं ते होवो.

उल्का कुलकर्णी तशी वाईट बाई नव्हती. पुण्याची, बँकेत मोठ्या पदावर, दुपारी जेवायला घरी येणारी. दिवाळीला सगळ्या स्टाफला मिठाई वाटणारी. त्या दिवशी एक वीसला तिची गाडी पार्किंगमध्ये शिरताना कमालला स्क्रीनवर दिसली. आता उठायचं, दारातच गाठायचं, म्हणून त्यानं टेबलावर हात टेकले, आणि हात तसेच राहिले. पायांतून जीव निघून गेला. मान मागे गेली. माशी आली.

टाचांचा आवाज आला. आज खरोखरचा. दार सरकलं, उन्हाची झळ आत आली.

"अगं, हासुद्धा!" उल्का कानाच्या फोनवर कुणाला तरी म्हणाली. "नवा आणलाय ना, तोही तसलाच. थांब, पाठवते तुला."

कमालच्या छातीवर कुणी तरी गुडघा ठेवला होता. श्वास आत जाईना. ही गंमत नव्हती, भासही नव्हता. डावा खांदा पेटला होता. याच खुर्चीत, असाच मी जाणार, त्याला कळलं, आणि माझाही फोटो भिंतीला लागणार, बाणकोटला जाणार. त्याला बायकोचा चेहरा आठवला. या अल्ला, ह्या बाईला एकदा नीट बघू दे!

उल्कानं फोन समोर धरला. नीट दिसावा म्हणून बोटांनी त्याचा चेहरा जवळ घेतला. आणि ती थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे. माशी डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर आली.

"शी... हड्!" ती म्हणाली. मग एक पाऊल जवळ. "भैया? भैया, उठो." मग तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तिनं त्याला गदागदा हलवलं. "अहो! ऐकू येतंय का? अहो, काका!"

छातीवरचा गुडघा उचलला गेला. कमालनं बुडणाऱ्या माणसासारखा श्वास घेतला. तिनं पर्समधली पाण्याची बाटली काढून त्याच्या तोंडाला लावली, शर्टाचं बटण सोडलं. "ॲम्ब्युलन्स बोलावते. झोप लागली होती का तुम्हाला?"

"जागा होतो, मॅडम," तो मराठीत म्हणाला. "सगळं ऐकत होतो."

ती दोन पावलं मागे सरली. कमालनं ड्रॉवर उघडला, ड्युटीचा फोन काढला, मागच्या जुलैतला फोटो काढून तिच्या हातात दिला. "मोठा करून बघा. डावा डोळा."

तिनं बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही, माशी तिनं आत्ताच पाहिली होती.

"मला वाटलं..." ती म्हणाली. "वॉचमन आहे, झोपला असेल." मग फोटोवरची नजर न काढता, "त्यांना कळलं असेल का, मी काय बोलले ते?"

"म्हसळ्याचा होता तो."

टेबलावरचा कमालचा फोन वाजला. दीड झाला होता. त्यानं स्पीकर लावला, कारण कानापर्यंत न्यायला हातात बळ नव्हतं.

"भाईजान, कळलं काही?" खदिजाचा आवाज लॉबीभर झाला.

"भाभी, वकार झोपला नव्हता. ड्युटीवर होता, जागा होता. दुखणं आलं आणि गेला. लेटर त्यानं बघितलंही नाही. निदाच्या सासूला सांगा, लेखी देतो."

पलीकडे ती रडायला लागली. वर्षभराचं तुंबलेलं रडू होतं ते, आणि त्यात समाधानही होतं. "मी म्हणत होते ना! मी सगळ्यांना म्हणत होते!" मग ती हळूहळू थांबली. कमालला तो प्रश्न येताना दिसला, आणि त्याला तो अडवता येईना.

"पण भाईजान, दुपारची वेळ, एवढ्या माणसांची बिल्डिंग," खदिजा म्हणाली. "त्यांना कुणीच बघितलं नाही?"

उल्का टेबलापाशी आली. भिंतीवरच्या फोटोकडे तिनं एकदा पाहिलं, आणि फोनवर वाकली.

"मी बघितलं होतं, ताई," ती म्हणाली. "मी इथेच उभी होते."