हिरव्याचं मोरपीस

पोशीच्या पायाला हिरवा पू आला आणि अख्ख्या जव्हारला देव भेटला. दवाखान्याच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या काखेत कोंबडा. साल अठ्ठ्याण्णव, दवाखान्याचं नाव विचारू नका.

मी जामसरच्या शाळेतला मास्तर. मांडीवरचं गळू कापून त्याच वॉर्डात पडलो होतो. पोशी मोखाड्याकडची, पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना तिचा पाय भाजला होता. दोन आठवडे डॉक्टर इंजेक्शनं बदलत होते आणि जखम चिघळत होती. "आणखी वर चढलं तर पाय कापावा लागेल," असं तिच्या नवऱ्याला, नवशाला, सांगून ते मोकळे झाले. नवशाने तुका भगताला आणलं.

"अरे, हा पू नाय, हा आपला हिरवा देव," तुका म्हणाला. "घरात विसरलात, म्हणून इथं आला. देवाला कुठं सुई चालते? त्याला मोरपीस लागतं."

हिरवा हा इकडच्या घराघरातला देव, मोरपीस ही त्याची खूण. रंगाचं आणि देवाचं नाव एकच निघालं, भगताचं फावलं. तो गडव्यातल्या पाण्यात पीस बुडवी, पोशीच्या जखमेवरून फिरवी, आणि तेच पीस पुढच्या खाटेवर. डॉक्टरसाहेब गालात हसत. लोक खूश आहेत ना, मग चालू द्या. आणि मी, बी.एड. झालेला गाढव, मीही मुकाट्याने मांडी पुढे केली.

चार दिवसांत सहा जणांच्या जखमा हिरव्या झाल्या. माझीही.

"देव फिरतोय," तुका म्हणाला.

"तुमच्या मागोमाग फिरतोय," प्रतिभा सिस्टर म्हणाल्या. "ज्या दोन खाटांवर तुम्ही गेला नाहीत, तिथं का नाही आला?"

त्यांनी हाडं उकळून काढलेलं पाणी, म्हणजे जंतूंचं आवडतं खाणं, दोन उकळलेल्या बाटल्यांत भरलं. एकीत तुकाच्या गडव्यातले चार थेंब टाकले, दुसरीत काहीच नाही. कापसाचे बोळे लावून दोन्ही बाटल्या सगळ्यांसमोर खिडकीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पहिली बाटली हिरवीगार, दुसरी होती तशीच.

"भगत, ही बाटली कुठला देव विसरली होती?"

तुका म्हणाला, बाटलीत देव उतरला. तेव्हा इतके दिवस गप्प पडलेली पोशी उठून बसली. "आमच्या हिरव्याला असा पुवाचा वास नाय येत. माझा पाय जाईल, तू कोंबडा खाशील. ऊठ इथून."

तुका गेला. सिस्टर डॉक्टरांकडे वळल्या. "हे जंतू आपल्या औषधांना सरावलेत, साहेब. आणि पोशीची पट्टी सोडून तुम्ही हात न धुता मास्तरांची सोडता, तेही मी रोज बघते. भगताचं पीस आणि आपले हात, काय फरक?"

साहेब नळावर गेले आणि हात धुऊन आले. पोशीला आणि आम्हा सहा जणांना वेगळ्या खोलीत हलवलं, प्रत्येकाचा चिमटा, ट्रे, सगळं वेगळं केलं. पू ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून लागू पडणारं एकच औषध सापडलं. नवशा साबण घेऊन दारात बसला. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण साहेबांनाही अडवून म्हणे, "डागतर, हात."

लोकहो, औषधाला न जुमानणारा जंतू स्वतःच्या पायांनी खाटा बदलत नाही. त्याला आपण उचलून नेतो, कोणी पिसाने, कोणी पदवीधर हातांनी. कोणी जखमेला हात लावायला आला तर आधी विचारा, धुतलेत का? आमच्या जखमा भरल्या, पोशीचा पाय वाचला. दोन बोटं मात्र गेली, आणि ती वाचवायला एक साबणाची वडी पुरली असती.