मी झोपलो की पान फाटते

मी एक जुना बोका आहे. वय तेरा, डाव्या कानाला खाच, स्वभाव संशयी. मित्रांनो, मांजर डोळे मिटून दूध पिते अशी आमची बदनामी झाली आहे. मी तर दूध आधी हुंगतो आणि मग एक डोळा उघडा ठेवून पितो.

माझ्या मालकीणबाई मुलांसाठी गोष्टी लिहितात. निदान त्या तसे सांगतात. मला दिसायचे ते वेगळेच. टेबलाशी बसायचे, भिंतीकडे बघायचे, पेन्सिलीला टोक काढायचे, चहा थंड होऊ द्यायचा आणि एकदम स्वतःशीच हसायचे. घरात आम्ही दोघेच. मग हसायचे कोणाला? कुठेतरी पाणी मुरत होते, म्हणून मी पाळत ठेवली.

दुपारी त्या मला खुर्चीवर बसवून लिहिलेले वाचून दाखवत. काही पानांना त्यांचा आवाज चढे, ओढूनताणून आणल्यासारखा होई. असल्या आवाजाचा काय भरवसा? मी कान टवकारून टक्क जागा राही. पण काही पानांना आवाज असा मऊ होई, की माझ्यासारख्यालाही वाटे, आता पहाऱ्याची गरज नाही. मला गाढ झोप लागे.

जागा होऊन पाहावे तर नेमके तेच पान फाटलेले! असे सतरा वेळा झाले. मी शेजारच्या मांजरीवर संशय घेतला. तिच्याशी भांडलोही. शेवटी एकदा झोपेचे सोंग घेऊन पडलो. बाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "हाही झोपला. म्हणजे कंटाळवाणंच झालंय." आणि टर्रकन पान फाडले.

मला फार वाईट वाटले. तीन वर्षे पुस्तक पुरे होत नव्हते, त्याला कारण मी! तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून जागायचे ठरवले. पण म्हातारपण कोणाचे ऐकते?

मग शेवटचे पान आले. हरवलेल्या मुलीला घर सापडते, ते. दुसऱ्याच ओळीला माझे डोळे जड झाले. वाचून झाल्यावर बाईंनी पान टेबलावर ठेवून चष्मा पुसला. तेवढ्यात मी कसाबसा टेबलावर चढलो आणि पानावर अंग टाकले. झोपलेल्या बोक्याला आमच्या घरात कोणी उठवत नाही.

इतक्यात बाईंची आई भेटायला आली.

"बघ ना आई, ऐकता ऐकता झोपला. सोडूनच देते आता हे लिहिणं."

आईने माझ्या पोटाखालून दिसणाऱ्या ओळी वाचल्या. मग ती म्हणाली, "अगं वेडे, तूही अशीच झोपायचीस. गोष्ट आवडली की शेवटपर्यंत कधी जागी राहिली नाहीस."

बाईंनी माझ्या खाचेच्या कानामागे हलकेच खाजवले. मग त्यांनी माळ्यावरून रद्दीची पिशवी काढली आणि दोघी जमिनीवर बसून तुकडे चिकटवू लागल्या. एका पानाचा कोपरा काही सापडला नाही. माझा संशय पंख्यावर आहे.

मित्रांनो, एकच विनंती. कोणी जीव ओतून केलेले काम तुम्हांला दाखवले आणि ते तुम्हांला आवडले, तर तसे सांगा. आम्हांला बोलता येत नाही, तुम्हांला येते.