ये म्हणजे ये!

एकावन्न सालच्या चैत्रातलं हळदीकुंकू. निघताना तिथेच ओळख झालेली सुमती मला म्हणाली, "ये हं एकदा आमच्याकडे, खोपटला!"

अहाहा! मला कोणीतरी बोलावलं! नौपाड्यातल्या घरापर्यंत मी जवळजवळ उड्या मारतच आले.

वहिनीने कपाळाला हात लावला. "शुभदा, अगं असं म्हणायचं असतं. लगेच जायचं नसतं."

"जायचं नसतं तर म्हणायचं कशाला? तोंड दुखत नाही का यांचं?"

"शीलाताईंचं विसरलीस?"

विसरते कशी! शीलाताई 'या' म्हणाल्या म्हणून गेले, तर बाईंनी दारातच उभं ठेवलं. वर आळीभर हसं झालं. बत्तीस वर्षांची घोडी झाले मी, पण माझी म्हणावी अशी एक मैत्रीण नाही.

"पुन्हा हसं झालं तर मी तुला कुठ्ठे नेणार नाही," वहिनीने बजावलं.

पण ये म्हणजे ये! दुसऱ्या दिवशी दुपारी गेलेच.

दार सुमतीनेच उघडलं. 'अगंबाई, आज इकडे कुठे?' नाही की काही नाही. माझ्या खांद्याकडे बघत म्हणाली, "आलीस! मी सगळ्यांना ये म्हणते आणि शेगडीवर चहाचं आधण ठेवून बसते. येत कोणीच नाही."

मग काय विचारता! तिने जमिनीवर स्टोव्ह खोलून ठेवला होता. वॉशर कुठला टिकतो, पिन कशी धरायची, सगळं सांगितलं. मी गावातल्या तलावातल्या माशांचं सांगितलं, अगदी खवल्यांपर्यंत. ती 'पुरे' म्हणाली नाही. मध्येच दोघी गप्प बसलो, तर तेही झकास! तोंडाकडे बघून बोलायची सक्ती नाही, घे-घेचा आग्रह नाही.

मग ती एकदम म्हणाली, "आता जा. बोलून बोलून माझं डोकं दुखायला लागलंय."

"माझंही! परवा येऊ?"

"ये."

घरी वहिनी दारातच उभी. "काय म्हणाली गं?"

"जा म्हणाली."

वहिनीचा चेहरा उतरला. तिने मला जवळ घेतलं. "असू दे हो. मनाला लावून घेऊ नकोस. नेईन मी तुला सगळीकडे."

"अगं, लावून कशाला घेऊ?" मी ओरडलेच. "ती सरळ जा म्हणते, वहिनी! म्हणजे ये म्हणते तेही खरंच! परवा जायचंय मला!"